बादशहाने कापलेला आहेर

आष्ट्याच्या स्टँडमागे माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती आणि तिच्या भिंतीला लागून बादशहा पिंजाऱ्याचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान. बारा यंत्रं एकदम बडवली की काय आवाज होतो, हे त्या भिंतीलाच विचारावं. दहा वर्षं बादशहाने तो मुकाट्याने सोसला. नव्याण्णव साली त्याने सांगलीहून कॉम्प्युटर आणला आणि तेव्हापासून भिंतीवर टकटक सुरू झाली.

"बाई, सीडी राइट व्हाय लागलीया. पोरींना जरा थांबवा."

आमच्या हादऱ्यांनी सीडी बिघडते अशी त्याची ठाम समजूत. मी चिडायची. त्या कॉम्प्युटरपायी माझ्या क्लासची निम्मी पोरं आधीच गेली होती, आणि उरलेल्यांनी त्याच्यासाठीच हाताची घडी घालून बसायचं. पण थांबवायची. सीडी वाया गेली की हा माणूस दिवसभर तोंड पाडून बसायचा आणि ते तोंड मला खिडकीतून दिसायचं.

बादशहाचे वडील गाद्यांचा कापूस पिंजायचे. याने ती पिंजायची कमान हातात धरली नाही, कॅमेरा खांद्यावर घेतला आणि आष्टा ते इस्लामपूर, कुंडलपर्यंतची लग्नं शूट केली. तरी रक्तातलं कुठे जातं? कापसातला कचरा काढावा तसा तो आता लग्नातला आहेर काढून टाकायचा. कॅसेट तीन तासांची आणि सीडी चौऱ्याहत्तर मिनिटांची. दोन सीडींत लग्न बसवायचं म्हणजे काहीतरी कापायलाच हवं, आणि आमच्याकडे आहेर म्हणजे तासाचा खेळ. नवरा-नवरी पाटावर, समोर रांग, आणि माइकवर एकजण वाचतोय, अमक्यांकडून घागर, तमक्यांकडून साडी. बादशहा कॅसेट लावायचा, आहेर आला की फॉरवर्डचं बटण दाबायचा, आणि उरलेल्यातला मूळ आवाजही पुसून वर सनई घालायचा.

"लग्न बघायचं का घागरी मोजायच्या, सांगा बाई," तो म्हणायचा. गिऱ्हाइकंही खूश होती. मलाही पटायचं, हे कबूल करते.

पुढच्या वर्षी चैत्रात राहीबाई आल्या. पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, पदर घट्ट. आष्ट्यात भावाकडे आल्या होत्या. पिशवीत पुतण्याच्या लग्नाची कॅसेट, ब्याण्णव सालातली, सांगलीच्या कुणीतरी शूट केलेली. इस्लामपूरला दिलेल्या लेकीकडे, सुनंदाकडे, सीडीचा प्लेअर आला होता आणि तिला तीन महिन्यांचा मुलगा होता. आजोबा तो जन्मायच्या दोन वर्षं आधीच गेले. राहीबाईंना नातवासाठी त्यांचा आवाज हवा होता. पण हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "आमचं मालक हायत ह्यात. तेवढं नीट येऊ द्या."

"नाव काय त्यांचं, मावशी?" बादशहाने विचारलं.

राहीबाई खाली बघत राहिल्या. "सुनंदाचं बाबा," त्या म्हणाल्या.

मी तिथेच लेबलं द्यायला गेले होते. सीडीच्या पाकिटावर लावायची नावं मी टाइप करून द्यायची. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी थोड्या पाहिल्या नव्हत्या, आणि बादशहालाही ते नवं नव्हतं. त्याची आईसुद्धा त्याच्या वडिलांना नावाने हाक मारत नसे. त्याने पुन्हा विचारलं नाही.

"मांडवात कुठल्या बाजूला हुतं?"

"समद्या मांडवात हुतं," राहीबाई म्हणाल्या.

बादशहाने मान डोलावली. एकही चेहरा सुटू द्यायचा नाही असं त्याने ठरवलं, आणि तसंच केलं. कॅसेटला पांढरी बुरशी होती. ती त्याने हात-हातभर फीत ओढून स्पिरिटने पुसली, दोन दिवस घातले. वऱ्हाडातले सगळे फेटे, सगळ्या टोप्या ठेवल्या. आहेर आल्यावर मात्र नेहमीप्रमाणे बटण दाबलं. बुरशी दुसऱ्या कॅसेटींना लागते म्हणून काम झाल्यावर ती कॅसेट मागच्या उकिरड्यावर जाळून टाकायची, हा त्याचा नियम. राहीबाईंना ते आधीच सांगितलं होतं आणि त्यांनी हो म्हटलं होतं. सगळं सीडीत जाणारच होतं ना, म्हणून तीही जाळली.

सीडी न्यायला आल्या तेव्हा मीही तिथे होते; त्यांनी ती दुकानातच बघायला मागितली. हातपाय आखडून बाकावर बसल्या. पहिली सीडी संपली, दुसरी संपली. सनई थांबली तरी त्या पडद्याकडे बघतच होत्या.

"आन् आहेर?" त्यांनी विचारलं.

"तो काढला, मावशी. लय लांबण लागती. मालक दिसलं न्हवं सगळ्यांत?"

"ते कुठं दिसणार. ते माइकवर हुतं. आहेर तेच वाचायचं."

बादशहा उभा होता तो खाली बसला. पंचक्रोशीत आहेर वाचणारा माणूस एकच होता, कुंडलचे आकाराम पवार. आणि ते बादशहाला अनोळखी थोडेच होते? आठ-नऊ वर्षं एकाच मांडवात दोघं राबले. लग्नात शूटिंगवाल्याला जेवायला बोलवायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. आकाराम मधूनच माइकवर म्हणायचे, "शूटिंगवाले बादशहाभाई, जेवून घ्या, शेवटची पंगत हाय." ते वारले तेव्हा हा मातीला जाऊन आला होता. बायकांच्या घोळक्यात त्यांची बायको कोण, हे त्याने कशाला पाहिलं असेल?

"आकारामअण्णा," तो म्हणाला. "मावशी, नाव तरी सांगायचं हुतं."

राहीबाई उठल्या. सीडी पिशवीत ठेवून स्टँडकडे गेल्या. मला मात्र राग आला होता. बादशहाचा, त्या बटणाचा, नाव न घेण्याच्या आमच्या रीतीचा, आणि तिथे उभी राहून गप्प बसलेल्या माझा.

चार दिवस भिंतीवर टकटक झाली नाही. पाचव्या दिवशी बादशहा वही घेऊन आला. कॉम्प्युटर यायच्या आधी तो कॅसेट न कापता तशीच देत असे. म्हणजे त्याने शूट केलेल्या जुन्या लग्नांत आहेर शाबूत होता, लोकांच्या कपाटांत. आकाराम ज्या लग्नांत माइकवर होते ती त्याने आठवून काढली आणि मी गाववार यादी टाइप करून दिली. चौतीस घरं झाली.

आषाढात लग्नं नसतात. तो महिना बादशहाने मोपेडवर काढला. लोकांनी त्याची भरपूर चेष्टा केली. कुंडलच्या एकाने विचारलं, "का रं गड्या, आता आमच्या घागरी मोजाय आलाईस व्हय?" काहींनी कॅसेटवर क्रिकेटची मॅच भरली होती. एकाने नवरा-नवरीचं पटेना म्हणून कॅसेट विहिरीत टाकली होती. काहींना बुरशी. चौतिसातल्या नऊ कॅसेटी हाती लागल्या आणि एकतीस मिनिटांचा आवाज मिळाला. या वेळी त्याने बटणाला हात लावला नाही, सनई घातली नाही. भांड्यांचा खणखणाट, पोरांचं रडणं, सगळं तसंच राहू दिलं.

सीडी राइट करायच्या दिवशी टकटक व्हायच्या आत मी पोरींना घरी पाठवलं.

राहीबाईंना बादशहा स्वतः जाऊन घेऊन आला. पुन्हा त्याच बाकावर बसवलं. पडद्यावर नुसते पाठमोरे लोक आणि पितळेच्या घागरी, आणि वर तो आवाज, जाड, सावकाश, प्रत्येक आहेराला शेपूट जोडणारा. "भिंतीवरचं घड्याळ. आता उशिरा उठायची सोय न्हाई राहिली." "पाच वाट्या. सहावी मामांच्या घरातच राहिली वाटतं." मांडवात हशा. मीही हसले. राहीबाईंच्या ओठांत हसू होतं आणि डोळे गळत होते. एका ठिकाणी "बादशहाभाई, जेवून घ्या" असं आलं, तेव्हा बादशहा उठून दारात जाऊन उभा राहिला.

शेवटच्या कॅसेटीत, इस्लामपूरच्या लग्नात, आवाज म्हणाला, "कुंडलचे आकाराम यशवंत पवार आणि सौ. राहीबाई आकाराम पवार यांच्याकडून नवरीला साडी. रंग राहीबाईंनी निवडलाय. आमाला काय बोलायचं न्हाई."

"परत लावा," राहीबाई म्हणाल्या.

तीनदा लावलं.

"घरात त्यांनी कवा माझं नाव घेतलं न्हाई," त्या म्हणाल्या. "सुनंदाची आई, न्हाईतर नुसतं आगं. हितं मात्र समद्या गावाफुडं दोनदा घेतलं." मग डोळे पुसून म्हणाल्या, "रंग चांगलाच हुता त्यो. आंबा कलर."

पाकिटाचं लेबल राहिलं होतं. त्यांना मी माझ्याकडे नेलं, मराठी यंत्रावर कागद चढवला. काय टाइप करायचं ते मला ठाऊक होतं. तरी विचारलं, आणि विचारल्यावर वाटलं, उगाच विचारलं.

"आकाराम यशवंत पवार," राहीबाई म्हणाल्या. "आन् खाली माझं बी घाला."

मी पहिली ओळ टाइप केली. दुसऱ्या ओळीला हात थबकला. त्यांचं मोकळं कपाळ समोर होतं.

"श्रीमती लिहू ना?" मी हळूच विचारलं.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "ते म्हनत्यात तसंच लिवा."

मी सौ. लिहिलं.