बाईंच्या आठ्या

"मी रागावले नाहीये हं," असं म्हणून बाई बोलायला सुरुवात करायच्या आणि समोरच्याची बोबडी वळायची. त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध तीन उभ्या आठ्या होत्या. बाई खुशीत असोत, नाहीतर पंख्याखाली बसून पेरू खात असोत, आठ्या आपल्या जागेवर. तुमच्याही शाळेत अशी एखादी बाई असणारच. फरक एवढाच, की आमच्या बाई खरंच रागावलेल्या नसायच्या.

बाई आणि मी डहाणूहून एकाच जीपने तलासरीकडच्या शाळेत जायचो. त्या मराठी शिकवायच्या, मी गणित. झरी गावाकडची पोरं वर्ग डोक्यावर घ्यायची, पण दारात बाई दिसल्या की चिडीचूप. माझं नशीब तसं नव्हतं. मला घसा फोडावा लागायचा.

२०१६च्या सुमारास त्यांच्या लेकीचा साखरपुडा झाला. मुलाकडचे उंबरगावचे, गुजराती. बाईंनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, आणि निघताना विहीणबाईंनी आपल्या मुलाला हळूच विचारलं, "बेन नाराज छे?" नेमकं ते बाईंनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये म्हणाल्या, "पोरं घाबरतात ते ठीक आहे गं. पण लग्नाच्या फोटोत मुलीची आईच रागावलेली दिसली तर?"

साड्या बघायला जाते असं घरी सांगून बाई एकट्याच वापीला गेल्या आणि तिथल्या डॉक्टरांकडून कपाळात सुरकुत्या घालवायची इंजेक्शनं घेऊन आल्या. मलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. मला दिसलं ते एवढंच, की मधल्या सुट्टीत त्या डोकं धरून बसतात. मग हळूहळू कपाळ गुळगुळीत झालं. वर्गात त्या "मी रागावले नाहीये हं" म्हणाल्या, तर पोरांनी पहिल्यांदाच विश्वास ठेवला. मागच्या बाकांवर खुशाल गप्पा सुरू झाल्या.

मग एका सकाळी त्यांची डावी पापणी खाली आली, ती वर जाईना. बाईंनी मला पाण्याच्या टाकीमागे ओढलं.

"माझ्या आईचं असंच झालं होतं. आधी पापणी, मग तोंड, मग एक अख्खी बाजूच गेली. पुढे अंथरूण सुटलंच नाही. लेकीला बोहल्यावर उभी बघेन ना गं मी?"

आणि तेव्हा कुठे त्यांनी इंजेक्शनांचं सांगितलं. मी मात्र रागावले. अगदी खरीखुरी. आणि घाबरलेही. अर्धी रजा टाकून तशीच त्यांना घेऊन वापीला गेले.

डॉक्टरांनी त्यांना हसायला लावलं, गाल फुगवायला लावले, दोन्ही हात वर धरायला सांगितले, आपली बोटं दाबायला दिली. मग म्हणाले, "मासी, लकवो नथी." बाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

"त्या दिवशी वाकू नका, कपाळ चोळू नका, असं सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "काही केलं होतंत?"

"छे," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "घरी परत जाताना वाटेत महालक्ष्मीचं देऊळ लागलं."

"मग?"

"मग काय, उतरले. लेकीचं लग्न ठरलंय आणि तशीच पुढे जाऊ? उंबरठ्यावर डोकं टेकलं."

"हळूच ना?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं डोकं टेकणं मी पाहिलेलं आहे. कपाळ उंबरठ्याला लावून त्या घरातल्या एकेकाचं नाव घेतात आणि दर नावाला एकदा कपाळ घासतात. यंदा तर त्यात व्याह्यांचं खटलंही आलं होतं.

हसू दाबत डॉक्टर म्हणाले, औषध तेवढ्यानं खाली सरकलं असेल. डोकेदुखी थांबेल, पापणीही थोड्या आठवड्यांत वर येईल. डोळ्यात घालायला थेंब दिले. बाहेर येऊन बाई पायरीवर बसल्या आणि पोटभर रडल्या. मीही शेजारी बसले. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

परतताना महालक्ष्मी आली. मी म्हटलं, "बाई, लांबूनच हात जोडा."

"कपाळ नाही टेकत. पण उतरू तर दे."

लग्नापर्यंत पापणी जवळजवळ वर आली. जी थोडी राहिली होती, तिच्यामुळे फोटोत बाई कुणाला तरी डोळा मारताहेत असं वाटतं. विहीणबाई खूश झाल्या. पुढे पावसाळा सरता सरता इंजेक्शनांचा असर उतरला आणि आठ्या परत आल्या. त्या दिवशी बाई वर्गात शिरल्या, वर्ग गप्प झाला, आणि त्या फळ्याकडे तोंड करून हसत उभ्या राहिल्या. मी दारातून पाहिलं.

आता बाई निवृत्त होऊन लेकीच्या शेजारी राहायला गेल्या आहेत. जीपमधली खिडकीची जागा माझी झाली, आणि ती मला अजून आवडत नाही. अधूनमधून त्या व्हिडिओ कॉल करतात. फोन इतका जवळ धरतात की नुसतं कपाळ आणि डोळे दिसतात. मी आधी दोन्ही पापण्या बघून घेते, मग आठ्या. तिन्ही असतात. माझा जीव भांड्यात पडतो, आणि मला बोलायला उशीर होतो.

"अगं, गप्प का?" बाई म्हणतात. "मी रागावले नाहीये हं."