बोहनी होईपर्यंत

१२ ऑगस्ट, सोमवार. दुकानाला सुट्टी. शेजारणीच्या साडीला फॉल लावायला घेतला होता. कॉलेजातून आलेली लेक समोर बसून पोहे खात होती. सुईत दोरा ओवता ओवता मी तिला सांगितलं, उद्यापासून मला पोटमाळ्यावर बसवणार आहेत. माल लावायला.

"आणि काउंटर?"

"काउंटर नाही."

हिंदमाताच्या त्या साड्यांच्या दुकानात मी लग्नाआधीपासून विकते आहे. कमिशन विक्रीवर मिळतं आणि पोटमाळ्यावर गिऱ्हाईक चढत नाही. एकदा वर गेलेलं माणूस पुन्हा खाली काउंटरवर आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

लेकीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. नवरा गेला. तेरावं झाल्यावर मी कामावर हजर झाले आणि पहिल्याच सकाळी माझ्या काउंटरवरून एक बाई काही न घेता निघून गेली. साड्यांच्या दुकानात हे रोजचंच आहे. पण ती त्या दिवसाची पहिली बाई होती. दुसऱ्या दिवशी आमचे सगळ्यात जुने सेल्समन, ज्यांना सगळे काका म्हणतात, हळूच म्हणाले, "ताई, जरा मागे थांबता का? बोहनी होऊ दे."

मी थांबले. वाटलं, आजच्यापुरतं असेल.

तेव्हापासून रोज पहिली साडी विकली जाईपर्यंत मी मागे असते, आदल्या रात्रीच्या साड्यांच्या घड्या घालत. आवाज कुणी चढवत नाही. चतुर्थीला काका साबुदाण्याची खिचडी आणतात, ती आधी मला देतात. बोहनीला उशीर झाला की काउंटरवरचं एखादं पोरगं ओरडतं, "काय रे, आज पनवती लवकर आली वाटतं!" सगळे हसतात. शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण म्हणते, "सोड ना यार, खेचतात तुझी. मस्करी आहे."

आता काकांनी शेठना सुचवलं होतं, ताईंना वर बसवू, त्यांनाही आराम.

लेकीने बशी बाजूला ठेवली. "आई, हे बुलिंग आहे."

"मराठीत सांग. मला उद्या शेठशी बोलायचंय."

तिने मोबाइलमध्ये पाहिलं. "गुंडगिरी. दादागिरी."

"काकांची गुंडगिरी? ते रोज सकाळी गल्ल्यावरच्या गणपतीला फूल वाहतात."

"मग छळ म्हण."

"छळ म्हटलं की पोलीस चौकी आली."

"त्रास देतात म्हण."

"त्रास गुडघ्यालाही असतो. शेठ बसायला स्टूल देतील."

"टोमणे?"

"'मागे थांबा' यात टोमणा कुठे आहे?"

माझ्या आईकडे एकच शब्द होता, सासुरवास. उपाशी ठेवण्यापासून अबोल्यापर्यंत सगळं त्यात बसायचं. पण त्याला निदान सासू लागते.

"अपमान," लेक शेवटी म्हणाली.

हा शब्द बराच जवळचा होता. मी तो मनात म्हणून पाहिला. काही झालं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपण आपलाच गाल दाबून बघतो, तसं.

"तुला काय वाटतं ते तरी सांग ना!"

"काही वाटत नाही."

"मग बोलायला कशाला जातेस?"

"साड्या विकता येतात मला. माल काय, कुणीही लावेल."

ती बशी उचलून मोरीत ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायगावहून चालत नेहमीपेक्षा लवकर गेले. शेठ उदबत्ती लावत होते. मी कुठलाच शब्द वापरला नाही. म्हटलं, "शेठ, नवरा गेल्यापासून बोहनी होईपर्यंत मला मागे उभं करतात. आज मी पुढे उभी राहणार. वर जाणार नाही."

शेठनी काकांकडे पाहिलं. काका काउंटरची काच पुसायला लागले.

"अहो ताई, हे स्टाफचं आपसातलं. तुम्ही मनाला लावून घेता."

"बरं," म्हणून मी दाराजवळच्या काउंटरमागे जाऊन उभी राहिले. कुणी हटवलं नाही.

पहिल्या आल्या त्या मायलेकी. आईला गर्द रंग हवा होता, मुलीला फिका. इरकल उघडल्या, नारायणपेठ उघडल्या, मुलीच्या खांद्यावर पदर टाकून आरसा दाखवला. शेवटी आई म्हणाली, "जरा फिरून येतो हं."

गेल्या.

काउंटरवरची पोरंही हसली नाहीत. काकांनी शेठकडे पाहिलं, शेठनी पंख्याकडे. मी उघडलेल्या साड्या तशाच एका बाजूला सरकवल्या. दारात एक बाई चपला काढाव्यात की नाही अशा विचारात उभी होती.

"चपला राहू द्या, या," मी म्हटलं. "काय दाखवू?"