नारिंगी ठिपके

माझं काम दादाला कधी पटलं नाही. उपग्रहावर, विमानावर बसणारा संगणक इवलासा असतो. काढलेला प्रत्येक फोटो जमिनीवर पाठवणं त्याला झेपत नाही. फोटोत काय दिसतंय ते त्यानं वरच्या वर ओळखायचं. त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअरं आम्ही जगभरचे काहीजण मिळून लिहितो आणि ओपन सोर्स ठेवतो, ज्याला हवी त्यानं घ्यावी. "फुकट वाटतंस? मगे खातंस काय, वारो?" दादा विचारायचा. हे सगळं मी तारकर्लीत घरी बसून करते, म्हणून त्याला जास्तच हसू यायचं.

मासेमारीला गेलेली त्याची होडी परत आली नाही, त्या दिवशी मात्र तेच सॉफ्टवेअर किनाऱ्यावर आलं. कुडाळची ओळखीची इंजिनिअर मंडळी ड्रोन घेऊन धावली. ड्रोनवर आमचंच सॉफ्टवेअर, आणि त्यात समुद्रात पडलेली माणसं ओळखणारं मॉडेल, परदेशातल्या फोटोंवर शिकवलेलं. मला वाटलं, देवच पावला.

पडद्यावर नारिंगी ठिपका आला, भोवती चौकट, वर शब्द: माणूस. "गावलो! गावलो!" सगळे ओरडले. वहिनी हात जोडून रडायला लागली. शोधायची होडी तिकडे सुटली. बऱ्याच वेळानं फोन आला. माणूस नव्हता. जाळ्याची खूण म्हणून तरंगणारा बोया होता, त्याला नारिंगी लाइफ जॅकेट बांधलेलं.

अरे, हे तर आमच्याच गावचं शहाणपण! जॅकेटं सरकारी योजनेतून मिळालेली, पण ती घालून जाळं ओढता येत नाही, अंगात उकडतं. मग कुणीतरी आपलं जॅकेट बोयाला बांधलं. लांबून दिसतं, ट्रॉलरवाले जाळं तोडत नाहीत. एकाचं बघून सगळ्यांनी बांधली. आणि त्या मेल्या मॉडेलला शिकवलेलं काय? जॅकेट म्हणजे माणूस.

"नारिंगी सोडा, दुसरीकडे बघा!" मी किंचाळले. ड्रोनवाला हळूच म्हणाला, "ताई, आणि एखाद्यात खरंच माणूस असला तर?" होडी एकेक ठिपका बघत फिरली. बोया. पुन्हा बोया. उघड्या डोक्याचा, काळ्या बनियनमधला माणूस त्या मॉडेलला दिसणारच नव्हता, आणि दादा तसाच गेला होता. उजेड सरत चालला, तसा मला सगळ्यांचाच संताप आला.

दादा मिळाला दुसऱ्या दिवशी, देवबागच्या किनाऱ्याला लागलेला. पण त्या संध्याकाळी आम्हाला अजून आशा होती. शेवटच्या बोयाचा फोटो होडीवाल्यांनी पाठवला, जाळं कुणाचं ते कळावं म्हणून. वहिनीनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला आणि बघतच राहिली.

"ह्या आमचा," ती म्हणाली. "ते म्हणत होते, जॅकेट घालून जातंय. मियाच म्हटलंय, नको, जाळा तुटतला. मियाच बांधलंय गो ता."