वस्तादांची बोटं

पंक्चरच्या त्या दुकानात जॅक लावणं, चाक उतरवणं, टायर रिमवरून सोडवणं, सगळं वहिनीच करायची. वस्ताद, म्हणजे तिचा नवरा, फक्त हात फिरवायचे. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेल्यात जमा होते. पण टायरच्या पोटात हात घातला की खिळा कुठं रुतलाय, रबर कुठं सोलवटलंय, ठिगळ टिकेल की नाही, सगळं सांगायचे. त्यांनी ‘साफ’ म्हटल्याशिवाय तिथं ठिगळ लागत नसे. लोक लांबून यायचे ते त्या एका शब्दासाठी. समोरचा दुकानदार टायर न उतरवता बाहेरूनच भोकात रबराची दोरी खुपसून हवा भरायचा. पुढं गाडीवाला जाणे आणि त्याचं नशीब.

पण आजाराचं डोळ्यांवर भागलं नव्हतं. मध्यंतरी वस्ताद गप्पांच्या नादात चहाचा चटका बसणारा पेला घट्ट धरून बसले, तळवा लाल झाला तरी. वहिनीनं पाहिलं आणि तोंडाला कुलूप घातलं. तेव्हापासून ‘जरा घासून घेते’ म्हणत ती टायर स्वतःकडं ओढायची, टॉर्च मारून बघायची, आणि काही सापडलं की मोठ्यानं म्हणायची, वस्ताद, तुम्हाला शंका होती ती खरी निघाली. वस्ताद नुसतं हुं करायचे. त्यांना कळत होतं का, हे तिनं कधी चाचपून पाहिलं नाही.

एका दुपारी जमिनीला पोट घासेल अशी बुटकी, वेगाची गाडी दुकानापुढं लंगडत थांबली. शेजारच्या सीटवर गाडीवाल्याची म्हातारी आई. त्याला घाई होती. दोरी मारा नि सोडा, म्हणाला. ही गाडी पळत नाही, उडते. उडणाऱ्या गाडीला दोरी मारली तर ती खरंच उडेल, वहिनीनं परतवलं. म्हातारी खुदकन हसली.

खिळा टायरच्या मधोमध होता, म्हणजे काम सोपं. वहिनीनं तो उपसला, टायर रिमवरून सोडवला आणि वस्तादांपुढं ठेवला. गाडीवाला डोक्यावर उभा. वस्तादांचा हात आत सावकाश फिरून आला.

“साफ आहे. लाव ठिगळ.”

हात बाहेर आला तेव्हा मधल्या बोटात टायरमधल्या तारेचा तुकडा घुसला होता, रक्त मनगटाकडं ओघळत होतं. चेहऱ्यावर मात्र शांतता. तळव्याला रबराचा काळा भुगा. म्हणजे हवा कमी असताना गाडी बरंच अंतर दामटली होती. वहिनीनं टॉर्च मारला. टायरची बाजू आतून गोलाकार चुरगळलेली. अशा टायरला ठिगळ लावून उपयोग नसतो. वेगात तो फुटतो.

तिनं नेहमीचं खोटं काढलं. वस्तादांना शंका होतीच, दादा, हा टायर गेला, नवा घ्या.

“मी साफ म्हणालो,” वस्ताद म्हणाले.

गाडीवाल्याला तेवढंच पुरलं. नवा टायर गळ्यात मारायचा धंदा दिसतो, म्हणाला. दुकानात नवा टायर औषधालाही नव्हता. “वस्ताद कोण? ते की तुम्ही?” त्यानं वहिनीला विचारलं.

वहिनीनं नवऱ्याकडं पाहिलं नाही.

“त्यांच्या बोटांना कळत नाही हो आता. रक्त आलंय, तेही कळलेलं नाही त्यांना.”

वस्तादांनी हात डोळ्यांजवळ नेला. दिसलं नाही, तसा नाकाशी नेला. मग तो मांडीखाली दाबून बसले.

लोकांच्या जिवाशी खेळता, असं खेकसून गाडीवाल्यानं टायर आणि रिम उचललं आणि समोरच्या दुकानात नेलं. वहिनी तशीच गाडीच्या खिडकीशी गेली. हळू चालवायला सांगा त्याला, मावशी, म्हणाली.

“माझं ऐकतो कुठं तो,” म्हातारी म्हणाली.

रस्त्यापलीकडं कॉम्प्रेसर धडधडला. चाक आलं, बसलं, आणि गाडी धूळ उडवत गेली.

“दोरीच मारली का त्यानं?” वस्तादांनी विचारलं.

“हो.”

“मग तू बोललीस कशाला?”

वहिनीनं पक्कड घेतली, त्यांचा हात मांडीखालून ओढून काढला आणि बोटातली तार उपसली. दुखतंय का, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.