फिल्मखालची गाडी

गाडीच्या दुकानात जमतात ते किस्से गाडीचे नसतात, गाडीशेजारी बसून राहणाऱ्या माणसांचे असतात. आणि आमच्याकडे माणूस बसून राहतोच! पांढरकवड्याला हायवेलगत माझं आणि रफिकभाईचं दुकान आहे. गाडीच्या रंगावर आरपार दिसणारी फिल्म लावायची, लोक जिला पीपीएफ म्हणतात, हा आमचा धंदा. एका गाडीला दोन-तीन दिवस जातात. धूळ नको म्हणून शटर खाली, पंखा बंद. रफिकभाई साबणाचं पाणी फवारतो, फिल्म अंथरतो आणि रबरी पट्टीनं आतलं पाणी हळूहळू बाहेर सारतो. तेवढा वेळ बोलायचं नाही, हा त्याचा नियम. बाहेर ट्रक जात असतात, आत थेंब गळत असतात, बॉनेटवर ट्यूबलाइट तरंगत असते. अशा वेळी गाडीच्या मालकाला एकतर डुलकी लागते, नाहीतर तो खरं बोलायला लागतो. मला दोन्ही आवडतं.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे महाजन साहेब. जमीनमोजणीच्या ऑफिसातून रिटायर झाले, निळी गाडी घेतली आणि शोरूममधून थेट आमच्याकडे आणली. त्याला आता पाच वर्षं झाली. मुलगा पुण्याला राहायला बोलावतोय, तिथे पार्किंग नाही, म्हणून गाडी विकायची ठरली. पण विकायची तर जुनी फिल्म काढावी लागणार, आणि फिल्मसोबत रंगच निघून आला तर? मग गाडी कोण घेणार? एवढी मुरलेली फिल्म तोवर आम्हीही कधी काढली नव्हती. या एका धास्तीपायी साहेब महिनाभर रोज दुकानात येऊन बसले. आणि ते बसले की त्यांना घाबरवणारा कोणीतरी हमखास यायचा!

*

कापसाच्या हंगामात आमचं दुकान स्वप्नातल्यासारखं दिसतं. आजूबाजूच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमधून बारीक तंतू उडत येतात, शटरच्या फटीतून शिरतात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात नुसते तरंगत राहतात. मी तासन्‌तास बघत बसू शकतो. रफिकभाईला मात्र ते तंतू म्हणजे वैरी!

मारेगावचे एक कापसाचे व्यापारी काळी गाडी घेऊन आले होते. बॉनेटवर फिल्म बसली, पाणी निघालं, आम्ही मागे सरून बघितलं. मधोमध, फिल्मच्या खाली, कापसाचा एक तंतू. काळ्या रंगावर पांढराशुभ्र!

रफिकभाई कपाळाला हात लावून म्हणाला, "मालक, तुमच्याच सदऱ्यावरून आला हा. काढून दुसरी लावतो."

मालक खाली वाकले. चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ त्या तंतूकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लांब धाग्याचा आहे. चांगला माल आहे!"

"मग काढू का?"

"काहून? कापसानंच गाडी दिली, अन् कापूस दिसला तं लाज कायले?"

ती गाडी अजून तशीच फिरते. महाजन साहेबांनी मात्र घरी जाऊन बॅटरीच्या उजेडात आपली गाडी इंच न इंच तपासली.

*

वणीकडच्या एका गुरुजींनी दुसरीकडून स्वस्तातली फिल्म लावून घेतली होती. पांढरी गाडी, तीही उन्हात उभी करायची. आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको! दोन उन्हाळ्यांत फिल्म अशी पिवळी पडली की गाडीचा मूळ रंग कागदपत्रात वाचावा लागे.

गुरुजी शांत स्वभावाचे. खुर्चीवर बसून दुकानातल्या गारव्यात त्यांचे डोळे मिटत होते. पण सोबत त्यांच्या पत्नी होत्या, त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, माह्या लग्नातही एवढी हळद लागली नव्हती!"

गुरुजी डोळे न उघडता म्हणाले, "लग्नात तुह्या मामानं आणली होती ना हळद. तेही स्वस्तातलीच!"

आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. उठून बाहेर गेले आणि आपल्या निळ्या गाडीवर पिवळेपणा दिसतो का ते उन्हात उभे राहून बघत बसले.

*

जुन्या गाडीला फिल्म लावायची असली की रफिकभाई आधी एक प्रश्न विचारतो, "कुठं रंगवली आहे काय?" कारण कंपनीचा रंग पक्का असतो, बाहेर मारलेला रंग पुढे फिल्म काढताना तिच्यासोबत निघून येऊ शकतो. प्रश्न साधा आहे, पण नवरा-बायको दोघं समोर असले तर विचारू नये, हे आम्ही महागावच्या एका जोडप्याकडून शिकलो.

"कुठंच नाही," नवरा म्हणाला.

"कोणी बोटही लावलं नाही," बायको म्हणाली.

चहा आला. बायको फोनवर बोलत बाहेर गेली तसा नवरा रफिकभाईच्या कानाशी लागला, "डाव्या बाजूची दोन्ही दारं रंगवली आहेत. गुपचूप करून घेतलं. तिले सांगू नका, गाडी मागं घेताना खांबाले घासलो होतो."

तो हात धुवायला मागे गेला. बायको आत येऊन मला म्हणाली, "दादा, उजवीकडची दोन्ही दारं अन् बॉनेट म्या माहेरी रंगवून आणलं. त्यायले कळू देऊ नका बरं!"

दोघं पुन्हा शेजारी शेजारी बसले. रफिकभाईनं डावीकडची दारं बघितली, उजवीकडची बघितली, बॉनेट बघितलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "दादा, वहिनी, तुमच्या गाडीले फिल्म लावू. पण फक्त छतावर!"

दोघांनीही का म्हणून विचारलं नाही. महाजन साहेबांनी मात्र त्या दुपारी मला बाजूला घेतलं. "अवी, शोरूमवाल्यानंच एखादा ओरखडा रंगवून मले गाडी देली असंल तं?"

मलाही तीच भीती वाटायला लागली होती.

*

अखेर साहेबांच्या गाडीला गिऱ्हाईक आलं. यवतमाळचा एक तरुण इंजिनिअर, मोठा सभ्य मुलगा, पण खिशात रंगाची जाडी मोजायचं मीटर! दारावर लावलं, आकडा मोठा. बॉनेटवर लावलं, मोठा. छतावरही मोठा.

"काका, गाडी पूर्ण रंगवलेली दिसते. अपघात झालता का?"

साहेबांचा चेहरा पडला. चोरी न करता पकडल्यासारखे उभे राहिले. रफिकभाईनं त्याला समजावलं की मीटर फिल्मची जाडीही धरतं. दार उघडून आतल्या कडेला, जिथे फिल्म नसते, तिथे मोजून दाखवलं. आकडा बरोबर आला. पण मुलगा काही मानेना.

"आतलं ठीक आहे. बाहेरची फिल्म काढून दाखवा, मग घेतो."

साहेब पुढे झाले. "बावा, तीस वर्षं मी लोकायच्या जमिनी मोजल्या. मोजणी पटली नाही तं लोक फेरमोजणी मागत. तू तं वावराची सालच काढून मागून राह्यला!"

पण दुसरा उपाय नव्हता. पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचं होतं.

*

रविवारी सकाळी शटर खाली केलं. इंजिनिअर आला, साहेब आले, सोबत साहेबांच्या पत्नी, म्हणजे काकूही आल्या. काकू पहिल्यांदाच दुकानात येत होत्या. गाडीपासून चार हात लांब उभ्या राहिल्या. या गाडीला टेकायचं नाही, ही पाच वर्षांची सवय!

रफिकभाईनं बॉनेटचा कोपरा गरम हवेनं शेकला, नखानं उचलला आणि अल्ला म्हणून ओढायला सुरुवात केली. सावकाश, बोटभर, मग वीतभर. फिल्म दुधावरच्या सायीसारखी सुटत आली आणि खालून निळा रंग वर आला. मी आमच्या दुकानात इतके रंग पाहिलेत, पण तसा निळा पाहिला नव्हता. पाऊस उघडल्यावर टिपेश्वरच्या जंगलावर असतं तसं आभाळ! रंगाचा कणही निघाला नाही. दुपारपर्यंत सगळी गाडी उघडी झाली. पाच वर्षं आमच्या डोळ्यांसमोरून जात होती, आणि ती मुळात कशी दिसते हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

इंजिनिअरनं मीटर लावलं, सगळीकडे आकडा बरोबर. तो खूश झाला. "काका, सौदा पक्का! भाई, आता लगेच नवीन फिल्म लावून द्या."

साहेबांनी बॉनेटवर तळवा ठेवला. मग काढलाच नाही.

"लगेच नको," ते म्हणाले. "एक चक्कर मारून येतो. उघड्या गाडीनं."

काकूंना म्हणाले, "चाल."

अर्ध्या तासात येतो म्हणाले आणि तीन तासांनी आले. इंजिनिअर तोवर आमच्या बाकावर चक्क झोपला होता. गाडी शटरसमोर उभी राहिली. डाव्या दारावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लांबलचक ओरखडा!

मुलगा दचकून उठला. "काका! हे काय केलं?"

"बोरीची फांदी लागली," साहेब म्हणाले. "जंगलाच्या वाटेनं गेलतो. मोठ्या झाडाखाली गाडी घातली. हिचा हात बोरायले पुरत नव्हता, तं टपावर हात टेकून बॉनेटवर चढवलं हिले."

रफिकभाई पॉलिशचा कपडा घेऊन धावला. "साहेब, पाच मिनटात काढतो, दिसणार नाही."

"हात नको लावू!" साहेब इतक्या जोरात ओरडले की रफिकभाई दोन पावलं मागे सरला. मग त्यांनी स्वतःच त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. साहेब हसत होते. महिनाभरात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मुलगा गोंधळून गेला. "पण काका, मग... आपला सौदा?"

काकू दार उघडून उतरल्या. दोन्ही हातांत बोरांनी भरलेला पदर होता. त्या निळ्या दाराला आरामात पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर त्याच्यापुढे धरला.

"बोरं घेऊन जा, बाबू," काकू म्हणाल्या. "गाडी राहू दे."