आईसाठी म्हणायचा पाठ

घाटकोपरला आमच्या वस्तीतल्या विहारात एक वयस्कर भंतेजी रविवारी सकाळी पाली पठण शिकवायचे. सन ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी आणि माझी वर्गमैत्रीण अगदी पुढे बसायचो. पेटी नाही, तबला नाही. "गाऊ नका, म्हणा," असं ते सांगायचे. तिचा आवाज खर्जातला, माझा वरचा. वस्तीत बारसं असो की कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, बोलावणं आम्हा दोघींनाच यायचं.

तिची आई डोळे मिटून ऐकत बसे. मी गेले की रडू नका, दोघी मिळून परित्राण पाठ म्हणा, असं तिने मला कितीदा बजावलं होतं.

लग्नानंतर मैत्रीण मुलुंडला ब्लॉकमध्ये राहायला गेली, मागून आईलाही घेऊन गेली. तिचं विहारात येणं थांबलं. संसार आहे, नोकरी आहे, असं मी स्वतःला समजावलं.

आई गेल्याचं मला शेजारणीकडून कळलं, तेव्हा अंत्यविधी उरकलाही होता. मी पांढरी साडी नेसून मुलुंडला गेले. हॉलमध्ये भटजी पोथी वाचत होते. सोसायटीतल्या बायका बसल्या होत्या. मैत्रिणीने मला बघितलं आणि घाईने स्वयंपाकघरात नेलं.

"इथे कुणाला माहीत नाही गं," ती हळूच म्हणाली. "तू काही म्हणू नकोस."

"आईने सांगितलं होतं."

"आई गेली ना. मला इथेच राहायचंय."

तेवढ्यात एक बाई पाणी घ्यायला आत आली आणि माझ्या साडीकडे बघून मी कोण असं विचारू लागली. मैत्रीण म्हणाली, "आईच्या नर्स."

त्या बाईने मला आदराने चहा दिला. तो पिऊन मी निघाले.

पुढच्या रविवारी वस्तीतल्या बायकांना घेऊन मी विहारात परित्राण पाठ म्हटला. निरोप धाडूनही मैत्रीण आली नाही.

महिन्याभराने एका दुपारी ती एकटीच आमच्याकडे आली. आत येताच तिने दार लावून घेतलं. आमच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नसे. खाली बसून तिने हात जोडले आणि म्हणाली, "चल, आता म्हणूया."

मी उठून दार उघडलं. "असंच म्हणू," म्हटलं.

बाहेर बायका धान्य निवडत होत्या. ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदर सावरून उठली आणि गेली. मी तिला थांबवलं नाही. आजही, थांबवायला हवं होतं असं मला वाटत नाही.