बंद केलेली तक्रार

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दौलतगंजातले काका हेल्पलाइनवर जे खोटं बोलले, ते त्यांच्याकडून मी वदवून घेतलं होतं.

काका म्हणजे आमचे जुने शेजारी. आम्ही हरिशंकरपुरमला राहायला गेलो तरी सणासुदीला त्यांच्याकडे जाणं सुटलं नव्हतं. त्यांच्या गल्लीत नालीवरची एक फरशी तुटली होती आणि काकांनी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, तक्रारीचा क्रमांकसुद्धा कॅलेंडरवर लिहून ठेवलेला. आमच्या या हिंदी मुलखात अशी तक्रार बंद व्हायची तर तक्रार करणाऱ्यानं स्वतः फोनवर 'मी संतुष्ट आहे' असं सांगावं लागतं. तोवर ती उघडीच राहते.

त्या वर्षी महापौरांना पुन्हा तिकीट मिळालं होतं. मी प्रचारात होतो. पद वगैरे काही नव्हतं, पण प्रचार कार्यालयात गेलो की कोणीतरी खुर्ची सरकवायचं. पन्नाशीला आलेल्या आणि कुठेच फारशी विचारपूस न होणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. पत्रकात छापायचं होतं की दौलतगंजच्या वॉर्डात एकही तक्रार शिल्लक नाही. कार्यालय सांभाळणाऱ्यानं माझ्यापुढे उघड्या तक्रारींची यादी टाकली.

"भाईसाहब, ये मराठी घर आप देख लो. अपनी बोली में बोलोगे तो मना थोड़ी करेंगे."

महापौरांपर्यंत यातलं काही पोहोचलं असेल असं मला वाटत नाही. यादीत काकांचं नाव होतं. मी फोन केला नाही, घरीच गेलो.

"झालेलं नाही ते झालं कसं म्हणू रे?" काका म्हणाले.

"निवडणूक झाली की पहिलं काम तुमचंच, काका. मी उभा राहून करवून घेतो."

"मग तेव्हाच सांगतो संतुष्ट म्हणून. मी काय पळून चाललोय?"

काकू चहा घेऊन आल्या. "अहो, कशाला त्याचा जीव खाताय? आपल्यातलाच आहे. चार दिवस नेता झालाय, होऊ द्या की. म्हणून टाका."

त्या हसल्या, मीही हसलो. काकांनी चष्मा लावला, फोन लावून कॅलेंडरवरचा क्रमांक वाचून दाखवला आणि म्हणाले, "जी हाँ, काम हो गया. संतुष्ट हूँ." नंतर चहा संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

महापौर निवडून आले. बाड्यावर, शहराच्या मुख्य चौकात, मिरवणूक निघाली, गुलालानं माझा शर्ट वाया गेला. फरशीची आठवण रोज यायची असं म्हणालो तर तेही खोटंच होईल. मी विसरलो होतो.

पुढे एका गुरुवारी संध्याकाळी काकू दत्ताच्या आरतीला निघाल्या. समोरून ई-रिक्षा आली म्हणून बाजूला झाल्या आणि पाय नालीत गेला. खुब्याचं हाड मोडलं.

मी हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा काका बाकावर बसून पुण्याच्या मुलाशी बोलत होते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

"बाबा, तुम्ही तक्रार केली होती ना? तिचं काय झालं?"

"बंद केली."

"कोणी?"

"मीच. काम झालं म्हणून सांगितलं."

"न होताच? अहो, पण का?"

काकांनी मान वर केली. मी समोरच उभा होतो. "चुकलं माझं," ते फोनमध्ये म्हणाले.

"तुमच्या चुकण्यानं आई पडलीय, बाबा."

तेव्हा मी फोन हातात घ्यायला हवा होता. मी पाण्याची बाटली आणायला खाली गेलो.

त्याच आठवड्यात मी उभा राहून फरशी बसवून घेतली. एका दुपारचं काम होतं.

काकू पुन्हा उठल्या नाहीत. चार महिने अंथरुणावर काढून गेल्या. तेराव्याला मुलगा वडिलांशी कामापुरतं बोलला. मला मात्र मिठी मारून म्हणाला, "दादा, तुम्ही होतात म्हणून निभावलं. बाबांचा आता काही भरवसा नाही." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. काका दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

मुलगा तेव्हापासून आलेला नाही. दिवाळीला फोन येतो तोही माझ्याकडे, 'बाबा कसे आहेत' विचारायला. एकदा धीर करून मी काकांना म्हणालो, "मी सांगतो त्याला, खरं काय ते."

काका औषधाच्या गोळ्या निवडत होते. "बोललो मी ना? तोंड माझं होतं," ते म्हणाले. "राहू दे."

मला हायसं वाटलं. हेही आज सांगून टाकतो. त्यांच्या 'राहू दे'च्या आडोशाला मी दोन वर्षं काढली.

मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. त्या दिवशी त्याचे वडील माझ्या शब्दाखातर खोटं बोलले आणि तो शब्द मी पाळला नाही, एवढं त्याला सांगणं माझ्यावर बाकी आहे. अजून सांगितलेलं नाही.